चार लाल ठिपके

आमच्या ह्यांना राग येत नाही. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, मी अजून वाट बघतेय. शेजारणी म्हणतात, ‘नशीब काढलंस हो!’ त्यांना काय कळतंय? ज्या घरात दोघांपैकी एकालाच राग येतो, तिथे त्या एकीला दोघांच्या वाटचं रागवावं लागतं, आणि वर भांडखोर म्हणून नाव होतं ते वेगळंच. कोपऱ्यावरचा हार्डवेअरवाला माझ्या पाठीमागे मला ‘हायटेन्शन’ म्हणतो. म्हणू दे. मी तार घ्यायला गेले की तो वजनकाट्याला मात्र बोट लावत नाही.

हे लिफ्टचे मेकॅनिक. एका लिफ्ट कंपनीच्या अठ्ठावीस इमारती ह्यांच्याकडे होत्या. सकाळी आठला डबा घेऊन निघायचं आणि दिवसभर कुठल्या ना कुठल्या गच्चीवरच्या मशीन रूममध्ये वाकून बसायचं. माणूस कसा, तर एका खिशात तेलाचं फडकं आणि दुसऱ्या खिशात स्वच्छ फडकं, आणि दोन्हींची कधी अदलाबदल नाही. लिफ्ट चालू करून डोळे मिटून आवाज ऐकायचे. इमारतीतल्या लोकांना हे फक्त लिफ्ट बंद पडली की आठवायचे, तेही ‘अहो लिफ्टवाले’ एवढ्याच नावाने. कोणी वरच्या पट्टीत बोललं तर हे ‘बघतो’ म्हणायचे. कोणी खेकसलं तरी ‘बघतो’. मला तर वाटायचं, ह्यांच्या डोक्यावर कोणी बादली ओतली तरी हे आधी बादलीची कडी तपासतील.

अशा माणसाचा परवाना काढून घेतला. बावीस वर्षांचं काम एका मंगळवारी पुसून टाकलं, आणि हे म्हणाले, ‘चूक माझी.’

नक्की काय झालं ते सांगते. पण आधी ब्रेक काय असतो ते सांगायला हवं, कारण निम्म्या लोकांना तेच ठाऊक नसतं आणि तोंड मात्र सगळ्यांना असतं.

लोकांना वाटतं, वीज गेली की लिफ्ट धाडकन खाली कोसळते. डोंबल! लिफ्टचा ब्रेक उलटा असतो. जाड स्प्रिंगा त्याला सतत आवळून धरतात. आपण बटण दाबलं की कॉइलमध्ये, म्हणजे तारेच्या गुंडाळीत, वीज जाते, कॉइलच्या पोटातलं लोखंड चुंबक होतं, ते एका लोखंडी दांड्याला ओढून घेतं, ब्रेक सुटतो आणि लिफ्ट हलते. मजला आला की वीज बंद, चुंबकाचा जोर संपला, दांडा सुटला, स्प्रिंगांनी ब्रेक आवळला. म्हणजे लिफ्टला धरून ठेवायला वीज लागत नाही, सोडायला लागते. हे मला ह्यांनी लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात सांगितलं. नव्या नवरीला सांगायला ह्यांना दुसरं काही सुचलं नाही.

आणि ती कॉइल मी गुंडाळते. आमच्या पुढच्या खोलीत टेबल आहे, त्यावर वेढे मोजणारं हाताचं यंत्र, भिंतीला तारेची रिळं, कोपऱ्यात वार्निश वाळवायची छोटी भट्टी. जळलेल्या कॉइल माझ्याकडे येतात. जुनी तार छिनीने काढायची, कॉइलचा लोखंडी डबा साफ करायचा, नव्या तारेचे तेवढेच वेढे घालायचे. माझ्याजवळ एक तडकलेल्या काचेचं होकायंत्र आहे. सरळ तारेतून वीज सोडून ती त्याच्यावर धरली तर सुई जराशी मान वळवते, बस्स. तीच तार अठराशे वेढ्यांची करा, मध्ये लोखंड घाला, की पक्कड हातातून ओढून नेते. बंद पडलेली गाडी ढकलण्यासारखं आहे ते. एकाने हलत नाही, पन्नासांनी एकाच बाजूने रेटलं की निघते. त्यातले चार जण उलट्या बाजूने रेटायला लागले तर सगळं पाण्यात. म्हणून वेढे घालताना मी कोणाशी बोलत नाही. त्या बाबतीत नवरा मला अगदी योग्य मिळालाय.

माझी एक पद्धत आहे. काम झालं की कॉइलच्या डब्याचं झाकण बसवायचं, चार स्क्रू आवळायचे, आणि प्रत्येक स्क्रूवर नेलपॉलिशचा लाल ठिपका द्यायचा, निम्मा स्क्रूवर आणि निम्मा झाकणावर. मागे एकदा एका पंपवाल्याने माझी कॉइल उघडून तिच्यात नसते उद्योग केले आणि जळल्यावर माझ्या नावाने शंख केला. तेव्हापासून ठिपका. कोणी स्क्रू फिरवला की ठिपका तडकलाच. नखांना मी ते पॉलिश कधी लावलं नाही. बाटली टेबलावरच असते. अख्ख्या गावाला माहीत आहे की लाल ठिपका असला की आत बघायची गरज नाही.

आता तो मंगळवार. पाच मजली इमारत, तिथली लिफ्ट ह्यांच्याकडे. तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त शाळामास्तरीण राहतात, वय बहात्तर. सकाळी दहाला त्या बाहेरून आल्या, लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबली, दार उघडलं, त्यांनी पाऊल टाकलं आणि तोंडावर पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. त्यांचं म्हणणं एवढंच की पायाखाली काहीतरी झालं. लिफ्ट मजल्यापासून चार बोटं खाली सापडली. ब्रेक वेळेवर लागला नव्हता.

त्या दिवशी हे मशीन रूममध्ये दोन तास होते. खाली आले आणि एकाच गोष्टीवर अडून बसले, की अख्खा ब्रेक बदला, नाहीतर मी लिफ्ट चालू करू देणार नाही. आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस कशावर तरी अडला. कंपनीने ब्रेक बदलला. मग लिफ्ट निरीक्षकांच्या कार्यालयातून चौकशी आली. जुन्या ब्रेकच्या स्प्रिंगा ढिल्या असाव्यात असा त्यांनी तर्क केला. स्प्रिंगा! आमचे हे स्प्रिंग किती आवळली तेही मोजून वहीत लिहिणारे. पण ह्यांनी जबाबात लिहून दिलं, ‘ब्रेकच्या कामातली चूक माझी आहे. मला दुसरं काही सांगायचं नाही.’ परवाना जमा. तीन महिन्यांनी शेवटची सुनावणी. त्यात परवाना रद्द झाला की संपलं. बिनपरवान्याच्या माणसाला कुठल्याही लिफ्टला हात लावता येत नाही.

त्या तीन महिन्यांत मी किती आणि कोणाकोणावर तडकले याला गणती नाही. कंपनीवर, निरीक्षकांवर, बावीस वर्षं ‘अहो लिफ्टवाले’ म्हणणाऱ्या आणि आता जिन्यात तोंड फिरवणाऱ्या लोकांवर. त्या मास्तरीणबाईंवरसुद्धा. शेजारणींजवळ मी उघड म्हणाले, ‘या वयात जरा खाली बघून चालायला काय होतं?’ आणि सगळ्यांत जास्त ह्यांच्यावर. सकाळी नेहमीसारखे आठला डबा घेऊन निघायचे. काम नाही, परवाना नाही, आणि डबा!

‘कुठे जाता?’ मी विचारायची.

‘जरा फिरून येतो.’

‘माणसं बागेत फिरतात. डबा घेऊन कोण फिरतं?’

‘भूक लागते,’ हे म्हणायचे. असला माणूस!

सुनावणीला सहा दिवस उरले तेव्हा ह्यांच्या जबाबाची प्रत माझ्या हाताला लागली. कपाटात शर्टांखाली ठेवली होती. दीड ओळ. बावीस वर्षांच्या कामाची बाजू मांडायला ह्यांना दीड ओळ पुरली! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे घरी नव्हतेच. मी चपला घातल्या आणि थेट त्या इमारतीत गेले.

माझा संशय तिथल्या सेक्रेटरीवर होता. तो पाचव्या मजल्यावर, मशीन रूमच्या बरोबर खाली राहायचा आणि ब्रेकच्या आवाजाने झोप लागत नाही म्हणून वर्षभर ह्यांच्या डोक्याशी कटकट करत होता. ‘टप टप टप, डोक्यात हातोडी मारल्यासारखं वाटतं हो.’ मला खात्री होती की यानेच कोणा टिनपाट माणसाला वर चढवून ब्रेकशी खेळ करवला आणि बिल आमच्या नावावर फाडलं.

तळमजल्यावर उभी राहून मी जे सुरू केलं, ते पाचही मजल्यांना ऐकू गेलं. माणसं जिन्याच्या कठड्यावरून वाकून बघायला लागली. सेक्रेटरी बनियनवर शर्ट चढवत खाली आला.

‘वहिनी, आई शपथ, मी मशीन रूमचं कुलूपसुद्धा बघितलेलं नाही.’

‘मग आवाज बदलला कसा? तुम्हीच म्हणाला होतात ना मध्यंतरी, की आता आवाज बदललाय?’

‘बदलला होता खरा. टप टप जाऊन टण टण झालं होतं. पण मी काही केलं नाही.’

‘जुना ब्रेक कुठे आहे? काढा बाहेर. सगळ्यांसमोर उघडते. बघू दे लोकांना तुमच्या माणसाने काय दिवे लावलेत ते.’

वॉचमनने पंपाच्या खोलीतून गोणपाटात गुंडाळलेलं धूड ओढत आणलं. पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढून मी खाली बसले. माझ्या कॉइलचा डबा मला लांबूनच ओळखू आला. गोणपाट बाजूला केलं आणि स्क्रूवर पातं टेकवलं.

चारही ठिपके शाबूत होते. एकालाही केसाएवढी चीर नव्हती.

म्हणजे मी झाकण लावल्यापासून तो डबा कोणीही उघडलेला नव्हता. सेक्रेटरीने नाही, त्याच्या कुठल्या टिनपाट माणसाने नाही आणि आमच्या ह्यांनीही नाही. वरून कोणीतरी विचारलं, ‘काय हो, सापडलं का काही?’ मी म्हणाले, ‘घरी नेऊन बघते.’ माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. सेक्रेटरीने बिचाऱ्याने रिक्षा बोलावून दिली, धूड आत ठेवायला हातही लावला. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

घरी आणून डबा टेबलावर ठेवला. स्क्रू काढून कॉइल तपासली, उत्तम होती. बॅटरी जोडली, दांडा खटकन आत गेला. बॅटरी काढली. दांडा बाहेर यायला हवा होता. आला नाही. डबा उचलून उलटा धरला, तरी दांडा आत लटकलेला. वीज नाही, बॅटरी जमिनीवर, तारा मोकळ्या, आणि लोखंडाने लोखंड धरून ठेवलेलं. टेबलावर आपटला तेव्हा सुटला. पुन्हा केलं. कधी चटकन सुटला, कधी नाही. ज्या वेळी नाही, त्या वेळी लिफ्ट चार बोटं घसरणार.

हे होतं, ते मला ऐकून माहीत होतं. वीज बंद केली तरी लोखंडातलं चुंबकपण सगळं जात नाही, थोडं उरतं. दोन लोखंडं अगदी अंगाला अंग लावून बसली की तेवढं उरलेलंही पुरतं. माझं काम तारेचं, दांडा बसवायचं काम मेकॅनिकचं, म्हणून मी त्यात कधी खोल गेले नव्हते. फळीवर दुसऱ्या इमारतीचा तसाच एक डबा कामाला आलेला होता. त्याच्या दांड्याच्या भोकात टॉर्चचा उजेड टाकला. तळाशी पिवळं काहीतरी चमकलं. पितळेची पातळ चकती, नाण्याएवढी. पितळ चुंबकाला चिकटत नाही. ती चकती मध्ये असली की दांडा लोखंडाला भिडतच नाही, आणि वीज गेली की सुटतो. मी उघडलेल्या डब्यात बोट घातलं. तळाला नुसतं लोखंड, घासून आरशासारखं झालेलं.

मग मला आठवलं. पाच महिन्यांपूर्वी ती कॉइल आली तेव्हा जळून कोळसा झाली होती. छिनीने खरवडताना तळातून एक काळी गोल चकती निघाली. मला वाटलं जुन्या पॅकिंगचा तुकडा आहे. मी कचऱ्यावर नेहमी चुंबक फिरवते, लोखंड वेगळं काढायला. चकती चिकटली नाही, म्हणून कचऱ्यात राहिली. आणि त्याच आठवड्यात माझं टेबल डुगडुगत होतं.

मी खाली वाकले. टेबलाच्या डाव्या पायाखाली ती होती. काढून पदराला घासली. पितळ.

पाच महिने मी त्याच टेबलावर कोपरं टेकून जगाला शिव्या घातल्या होत्या.

दुपारी एकला हे आले. जेवणाचा डबा रिकामा, चपलांवर धूळ. टेबलावरचा ब्रेक दिसला, चकती दिसली. हे सरळ पाणी प्यायला आत गेले. तेव्हा माझ्या लक्षात आलं.

‘तुम्हाला माहीत होतं.’

‘हो.’

‘कधीपासून?’

‘त्याच दिवशी. दांडा हाताने आत ढकलून बघितला, टण वाजला. पितळ असलं की टप वाजतं. वर तुझे ठिपके जसेच्या तसे.’

‘आणि तुम्ही लिहून दिलंत चूक माझी म्हणून!’

‘माझीही आहेच ना,’ हे शांतपणे म्हणाले. ‘नवीन कॉइल बसवताना आत चकती आहे का, हे बघायचं काम माझं. दुसऱ्या कोणाची असती तर बघितलं असतं. तुझा लाल ठिपका होता, म्हणून उघडली नाही.’

‘आणि टप जाऊन टण झालं तेव्हा कान कुठे गेले होते?’

‘सेक्रेटरी आवाजाबद्दल रोजच बोलायचा. मी ऐकणं सोडून दिलं होतं. चूक माझी म्हणतो ती उगाच नाही.’

‘मग निम्मी बायकोची म्हणायला जीभ झडली होती?’

‘तुझ्याकडे पुन्हा कोणी कॉइल पाठवली नसती. मला काय, कुठेतरी काम मिळेल. तुला या टेबलाशिवाय करमत नाही.’

दुसरी बायको असती तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं असतं. माझ्या हातात स्क्रूड्रायव्हर होता, तो मी भिंतीवर फेकला.

‘कोणी सांगितली होती ही मेहेरबानी? मी काय लहान मूल आहे, की माझी चूक शर्टांखाली लपवून ठेवावी? त्या बाईंचं हाड मोडलं! मी आणखी किती डब्यांतून चकत्या काढून फेकल्या असतील, कोणाला ठाऊक! अजून कुठे कोणी पडलं असतं तर?’

‘नाही पडणार. मी बघितलंय.’

‘काय बघितलंय?’

ह्यांनी खिशातून वही काढली. तेलाच्या फडक्याच्या खिशातली. त्यात ह्यांच्या आणि दुसऱ्या मेकॅनिकांच्याही इमारतींची यादी होती, माझ्या हातच्या कॉइल जिथे जिथे लागल्या त्या एकतीस जागांची. हे रोज डबा घेऊन तिथे जात होते. मशीन रूममध्ये जायला परवाना नाही, म्हणून वरच्या मजल्यावर जिन्यात बसून ब्रेकचा आवाज ऐकायचे, एकेका ठिकाणी तीन तीन तास, एकही टण सुटू नये म्हणून. एकतीसच्या एकतीस नावांपुढे लिहिलं होतं, ‘टप’.

मी वही मिटली. मला वाईट वाटलं का? वाटलं. पण त्याहून जास्त राग आला, आणि तो मी लपवणार नाही. ‘तुम्ही माझ्यावर ओरडायला हवं होतं,’ मी म्हणाले, ‘त्याच दिवशी, घरी येऊन, या टेबलावर हात आपटून. मी तुमची जोडीदार आहे की शोकेसमधली बाहुली? बावीस वर्षं लोक तुम्हाला हलक्यात घेतात म्हणून मी जळतेय, आणि तुम्ही मला त्यांच्याहून हलकी ठरवलीत.’

हे म्हणाले, ‘जेवायला वाढू का?’

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मास्तरीणबाईंकडे गेले. त्या खिडकीपाशी खुर्चीत होत्या, शेजारी वॉकर. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. कॉइल, चकती, टेबलाचा पाय. चकती त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उलटसुलट करून बघितली.

‘म्हणजे लिफ्ट खरंच खाली गेली होती?’

‘चार बोटं.’

‘दार उघडल्यावर?’

‘उघडताना.’

त्यांचा आवाज असा चढला की आतल्या खोलीतून सून धावत आली.

‘तीन महिने! तीन महिने मला या घरात काय ऐकवतायत माहीत आहे तुला? आई, तुमचा तोल जातो. आई, बघून चालत जा. दोनदा चष्मा बदलला. मेंदूचा फोटो काढला. मला जिन्यापर्यंत एकटीला जाऊ देत नाहीत. छत्तीस वर्षं साठ साठ पोरांच्या वर्गावर नजर ठेवली मी, आणि मला माझा पाय दिसत नाही? आणि शेवटी मीही ते खरं मानायला लागले होते!’ त्यांनी चकती टेबलावर आपटली. ‘तुलाही तेच वाटलं असेल.’

खोटं बोलता आलं असतं. ‘वाटलं,’ मी म्हणाले. ‘शेजारणींजवळ बोललेसुद्धा. या वयात खाली बघून चालायला काय होतं, म्हणून.’

‘मग जिथे जिथे बोललीस तिथे तिथे जाऊन आता खरं सांग. आणि सुनावणीचा कागद मला आणून दे. मुलाकडून मोठ्याने वाचून घेणार आहे.’

त्यांनी मला बसा म्हटलं नाही. का म्हणावं?

सुनावणीला मी डबा, दांडा, बॅटरी आणि चकती घेऊन गेले. हे वाटेत दोनदा म्हणाले, ‘अजून विचार कर.’ मी म्हटलं, ‘तुमचा विचार बघितला मी, दीड ओळीचा.’ निरीक्षक चष्मा कपाळावर चढवून बसले होते. मी बोलायला लागल्यावर चष्मा खाली आला. त्यांनी चकतीशिवाय दांडा आत घेतला, बॅटरी काढली, डबा उलटा केला. दांडा लटकलेला. चकती घातली, पुन्हा केलं. टप करून दांडा टेबलावर पडला. पाच वेळा त्यांनी स्वतःच्या हाताने केलं. मग ह्यांच्याकडे बघून म्हणाले, ‘तुम्ही हे आम्हाला का सांगितलं नाहीत?’

हे म्हणाले, ‘बघतो.’ सवयीने! अख्खी खोली हसली. मी नाही हसले.

निकाल असा लागला की कॉइल गुंडाळताना चकती माझ्याकडून निघाली आणि न तपासता ती बसवणं ही मेकॅनिकची चूक. परवाना रद्द नाही, सहा महिने जमा, त्यातले तीन झालेले. स्प्रिंगांबद्दलचा शेरा खोडला. लिफ्ट कंपनीने मात्र माझ्याकडे कॉइल पाठवणं बंद केलं. मी तक्रार केली नाही. कागदाची प्रत मास्तरीणबाईंना नेऊन दिली. त्यांनी मुलाला समोर उभं करून दोनदा वाचायला लावलं, दुसऱ्यांदा जास्त मोठ्याने. सेक्रेटरीकडेही गेले आणि त्याच तळमजल्यावर, त्याच आवाजात सांगितलं की चूक माझी होती. माणसं पुन्हा कठड्यावरून वाकली. तो म्हणाला, ‘जाऊ द्या हो वहिनी,’ आणि मला ते भांडणापेक्षा जड गेलं.

परवाना परत आला त्यानंतर महिनाभराने कंपनीने पहिली कॉइल पाठवली. एक अट होती, झाकण लावण्याआधी आणि ठिपका देण्याआधी मेकॅनिकने आत बघून सही करायची. म्हणजे आमच्या ह्यांनी. मी सगळं नीट केलं, वेढे मोजले, चकती घासून तळाशी बसवली आणि डबा ह्यांच्यापुढे ठेवला. मला वाटलं, हे नुसते नजर टाकतील आणि म्हणतील, छान आहे.

ह्यांनी स्वच्छ फडक्याने हात पुसले. टॉर्चचा उजेड आत टाकला, कडेने बोट फिरवलं आणि थांबले. पुन्हा फिरवलं.

‘हे काय आहे?’

‘काय?’

‘इथे इन्सुलेशनचा कागद दुमडलाय. तार लोखंडाला घासणार. दिसत नाही तुला?’ ह्यांनी डबा टेबलावर असा आपटला की नेलपॉलिशची बाटली आडवी झाली. ‘माणसं उभी राहतात या लिफ्टमध्ये! काढ सगळं. पुन्हा गुंडाळ.’

कपाळावरची शीर फुगली होती, आवाज चढला होता. समोरच्या घरातली बाई दारात येऊन उभी राहिली. मी बाटली सरळ केली, छिनी घेतली आणि अठराशे वेढे काढायला बसले.